विद्यापीठाच्या अलीकडचं गणित

गागोदे बुद्रुक हे पेण तालुक्यातलं गाव. जिल्ह्याचं नाव आज रायगड आहे, १९८१ पर्यंत ते कुलाबा होतं. ११ सप्टेंबर १८९५ रोजी इथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. देश त्यांना विनोबा म्हणून ओळखतो. गीता, भूदान, पदयात्रा या गोष्टी त्यांच्या नावाबरोबर लगेच आठवतात. गणित मात्र फारसं कुणाला आठवत नाही. खरं तर विनोबांना गणिताचं विलक्षण वेड होतं आणि ईश्वराखालोखाल आपलं प्रेम गणितावर आहे, अशा अर्थाचं ते स्वतःच सांगत.

त्यांच्या घरातली एक हकीकत प्रसिद्ध आहे. आई रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला होता आणि त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. वडील नरहरराव शास्त्रीय वृत्तीचे, रसायनाची आवड असलेले. त्यांनी सुचवलं की एक तोळा तांदूळ घे, त्यातले दाणे मोज आणि त्यावरून लाखाला किती तोळे लागतील ते काढ. चूकभूल म्हणून वर अर्धा तोळा टाक, म्हणजे झालं.

ही रीत नीट पाहण्यासारखी आहे. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. तांदळाचा दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा धरला, तर एका तोळ्यात ५८० च्या आसपास दाणे बसतात. लाखाला भागून पाहा, १७२ तोळे होतात, म्हणजे दोन किलो. एका छोट्या नमुन्यावरून मोठ्या राशीचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकू शकतो हे धरून वर थोडी भर टाकायची, हा संख्याशास्त्राचा पहिला धडा. नरहररावांनी तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दिला. आईने विनायकाला विचारलं, तेव्हा मुलाचं उत्तर वेगळं होतं. वडिलांचा हिशेब बरोबरच आहे, पण तू हिशेबासाठी मोजत नाहीस, एकेका दाण्याबरोबर देवाचं स्मरण होतं, म्हणून एकेकच मोज, असं त्याने सांगितलं. गणित कुठे लावायचं आणि कुठे लावायचं नाही, हे ज्याला कळतं त्यालाच गणित आलं असं मी मानतो.

विनायक दहा वर्षांचा होईपर्यंत गागोद्यात वाढला आणि मग बडोद्याला गेला. तिथल्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांची एक आठवण विनोबांनी पुढे सांगितली आहे. एकदा त्यांनी या शिक्षकांपुढे एक अवघड प्रश्न ठेवला. शिक्षकांनी विचार केला आणि उद्या ये म्हणून सांगितलं. इतकी वर्षं शिकवतोय की झोपेतसुद्धा शिकवू शकेन, पण तुझा हा प्रश्न वेगळा आहे, याला वेळ हवा, असं ते म्हणाले. या उत्तराचा विनोबांवर फार परिणाम झाला.

मला हे प्रकरण त्या एका शब्दासाठीच लिहावंसं वाटलं: वेळ. शाळेचं गणित संपतं आणि विद्यापीठाचं सुरू होतं, त्या मधल्या पट्ट्यात विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती वेळ देणाऱ्या शिक्षकाची आणि घराजवळच्या, परवडणाऱ्या वर्गाची. जिथे हा पट्टा नीट बांधला गेला, तिथे साध्या घरातली मुलं फार लांब गेली. जिथे तो घाईत उरकला गेला, तिथे हुशार मुलंही गणितावर अडली.

विनोबांच्या काळी हा पट्टा म्हणजे इंटर. मॅट्रिकनंतर कॉलेजात जायचं आणि दोन वर्षांनी इंटरमीजिएटची परीक्षा द्यायची. बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं असल्याने परीक्षेला मुंबईला यावं लागे. मार्च १९१६ मध्ये विनोबा त्या परीक्षेसाठी गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीच्या वाटेला लागले. पदवी राहिली ती राहिलीच. गणित मात्र सुटलं नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन दिली आणि भूदान सुरू झालं. मग विनोबांनी देशापुढे जो आकडा ठेवला तो सरळ त्रैराशिकातून आलेला होता. लागवडीखालची जमीन सुमारे ३० कोटी एकर, तिचा सहावा हिस्सा ५ कोटी एकर. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. ज्याला अपूर्णांक कळतात अशा कुठल्याही शेतकऱ्याला ही मागणी एका वाक्यात समजत होती.

याच जिल्ह्यातल्या आणखी एका माणसाचं नाव इथे घ्यायला हवं. अलिबागजवळच्या नागावात १८२५ साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. त्यांच्या बाबतीत ‘विद्यापीठाच्या अलीकडचं गणित’ हे शब्द अक्षरशः खरे आहेत, कारण मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली आणि केरूनानांचं शिक्षण त्याच्या कितीतरी आधी पुरं झालं होतं. चुलते सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांच्या आधाराने ते मुंबईत शिकले. एल्फिन्स्टन संस्थेत बाळशास्त्री जांभेकर आणि ऑर्लेबार हे त्यांचे गुरू. पंधरा-सोळाव्या वर्षीच ते मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले. चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नोंदी घ्यायच्या आणि आकडेमोड करायची. म्हणजे सकाळ-संध्याकाळ खरीखुरी मोजमापं आणि त्यांच्यावर लावायचं खरंखुरं गणित. पुढे ते पुण्यात गणिताचे आणि सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८६० साली त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ निघाली. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी होते. ज्यांच्या स्वतःच्या नावापुढे विद्यापीठाची पदवी नाही, असे केरूनाना विद्यापीठाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवत होते.

केरूनाना निराळ्याच ताकदीचे होते, हे उघड आहे. पण त्यांना मिळालं काय, हेही बघायला हवं. थोडे विद्यार्थी असलेला वर्ग, प्रश्न विचारता येईल असा शिक्षक आणि शिकलेलं लगेच वापरायला मिळेल असं काम.

हाच विचार अमेरिकेत १९०१ साली संस्था म्हणून उभा राहिला. इलिनॉय राज्यात जोलिएट हे गाव आहे. तिथल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ले ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी मिळून ठरवलं की विद्यापीठाची पहिली दोन वर्षं गावातच शिकवायची. सुरुवातीला विद्यार्थी होते सहा. तेच आजचं जोलिएट ज्युनिअर कॉलेज. अशा संस्थांना पुढे ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं. घरी राहून, नोकरी सांभाळून दोन वर्षं शिकायचं, श्रेयांक जमवायचे आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला या कॉलेजांत एका युनिटला ४६ डॉलर पडतात. विद्यापीठाच्या फीच्या मानाने ही रक्कम फारच लहान.

या वाटेने किती लांब जाता येतं? आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या एका बेताच्या परिस्थितीतल्या घरातली मुलगी. कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून तिने १९७६ साली गणित आणि विज्ञान घेऊन दोन वर्षांची पदविका पुरी केली. मग सिरॅक्यूज विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्राची पदवी १९७८ साली. तिथून हवाई दल, तिथून नासा. जुलै १९९९ मध्ये ती अमेरिकेच्या अंतराळयानाचं नेतृत्व करणारी पहिली महिला ठरली आणि त्या यानाने अवकाशात सोडलेली दुर्बीण होती चंद्रा, म्हणजे आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची.

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना ही कॉलेजं चांगली परिचयाची आहेत. क्युपर्टिनोचं डी अँझा किंवा शेजारचं फूटहिल ही नावं तिथल्या आईबाबांच्या बोलण्यात सहज येतात. हायस्कूलचं गणित लवकर संपवलेली मुलं सुट्टीत किंवा संध्याकाळी तिथे कॅल्क्युलसचा पुढचा भाग नाहीतर रेषीय बीजगणित घेतात. यात एक धोका आहे आणि तो पालकांनी लक्षात ठेवावा. पुढचा विषय आधी उरकला की घरात शाबासकी मिळते, पण पाया कच्चा असेल तर विद्यापीठात तोच विषय दुप्पट जड जातो. श्रेयांक तिकडे धरले जातील का, हे नाव घालण्याआधीच विद्यापीठाकडून लेखी पाहून घ्यावं. आणि ज्याला गणितच मुख्य विषय घ्यायचा आहे त्याने तो भाग विद्यापीठात पुन्हा करायची वेळ आली तर कमीपणा मानू नये.

कम्युनिटी कॉलेजांनी एक मोठी चूकही केली. ती आपल्या उपयोगाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची प्रवेशाआधी गणिताची चाचणी घ्यायची आणि कमी गुण पडले की त्याला उजळणीच्या वर्गात टाकायचं, अशी पद्धत होती. आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग त्यापुढचं बीजगणित आणि एवढं झाल्यावर विद्यापीठाच्या पातळीचा पहिला विषय. उजळणीच्या वर्गांचे श्रेयांक पदवीत धरले जात नसत. हेतू चांगला होता, पण हिशेब करून पाहा. समजा अशा प्रत्येक वर्गात १०० पैकी ७० जण उत्तीर्ण होतात. पहिल्या वर्गानंतर ७० राहतील, दुसऱ्यानंतर ४९, तिसऱ्यानंतर ३४. शिकवणारे चांगले, निकालही वाईट नाही, तरी दोन तृतीयांश मुलं खऱ्या विषयापर्यंत पोचलीच नाहीत. शिवाय दोन वर्गांच्या मधे नोकरी, लग्न, आजारपण यांमुळे गळणारे निराळे. २०१७ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून ही साखळी तोडली. हायस्कूलचे गुण पाहून विद्यार्थ्याला थेट विद्यापीठाच्या पातळीच्या विषयाला बसवायचं आणि त्याच सत्रात जोडीने मदतीचा जादा वर्ग द्यायचा. त्यानंतर प्रवेशाच्या पहिल्याच वर्षात तो विषय सोडवणाऱ्यांचं प्रमाण ठळकपणे वाढलं. ज्यांचा पाया फारच कच्चा आहे त्यांचं काय, यावर तिथे अजून वाद आहे आणि तो वाद रास्त आहे. पण एक गोष्ट त्यातून पक्की झाली. उजळणी हवी, पण ती लांबण लावून नको, मुख्य विषयाच्या हातात हात घालून हवी.

आता आपल्याकडे वळू. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव भारतातही आहे. पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ साली असं कॉलेज काढलं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ नंतर योजना राबवली. पण इथे त्या नावाखाली मुख्यतः धंदेशिक्षण येतं. गणित घेऊन विद्यापीठात जाण्याची वाट ती नव्हे. आपली ती वाट आहे अकरावी-बारावी, नाहीतर डिप्लोमा.

गागोद्याच्या मुलाला किंवा मुलीला दहावीनंतर पेणची नाहीतर रोह्याची वाट धरावी लागते. पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. पुढच्या तांत्रिक शिक्षणासाठी जिल्ह्यातच लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ साली स्थापन झालेलं. कागदावर पाहिलं तर घरापासून विद्यापीठापर्यंतची सगळी वाट एका जिल्ह्यात बसते.

अडतं कुठे? दहावीला गणिताचे दोन भाग असतात, बीजगणित आणि भूमिती, आणि ३५ ला उत्तीर्ण. अकरावी विज्ञानाला त्याच मुलाच्या हातात ‘गणित व संख्याशास्त्र’ची दोन पुस्तकं पडतात. त्रिकोणमिती, निश्चयक आणि सारणी, वर्तुळ, शंकुच्छेद, संभाव्यता हे एकात. संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमपर्याय, द्विपद प्रमेय, फलन, सीमा, विकलन हे दुसऱ्यात. बारावीला सदिश, रेषा आणि प्रतल, संकलन, विकल समीकरणं. दहावीपर्यंत संख्येशी आणि आकृतीशी ओळख होती. इथे पहिल्यांदा बदलाच्या वेगाशी गाठ पडते. ही उडी मोठी आहे. त्यातच मराठी माध्यमातल्या मुलाला हे सगळं इंग्रजीतून शिकायचं असतं. ल.सा.वि., म.सा.वि. करत मोठा झालेला मुलगा वर्गात पहिले दोन महिने मान खाली घालून बसतो, कारण समीकरण त्याला कळतं पण ते विचारणारं वाक्य कळत नाही. त्याला गणित येत नाही असा शिक्का बसतो तो याच दोन महिन्यांत.

आणि याच दोन वर्षांत वर्ग रिकामे असतात. कॉलेजात नुसतं नाव घालायचं आणि शिकायला पनवेलच्या किंवा मुंबईच्या क्लासला जायचं, ही रीत इतकी वाढली की २०१८ साली राज्य सरकारला विज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत यंत्रावर बोटांचे ठसे देऊन हजेरी लावायचा आदेश काढावा लागला. ज्यांना क्लास परवडतो त्यांचं निभावतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी कॉलेजातला तास हाच एकमेव तास असतो आणि वर्गात चारच डोकी असली की शिकवणाऱ्याचाही हुरूप जातो. प्राध्यापकांना दोष देऊन हे सुटणार नाही. परीक्षा प्रवेशाची आणि शिकवणं बोर्डाचं, अशी दोन तोंडं झाल्यावर असंच होणार.

डिप्लोमाची वाट मला जास्त जवळची वाटते, कारण अमेरिकेतल्या त्या दोन वर्षांच्या कॉलेजाशी तिचंच नातं आहे. दहावीनंतर तीन वर्षं तंत्रनिकेतन, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आयटीआय झालेला मुलगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला येऊ शकतो. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, धाटावची औद्योगिक वसाहत या पट्ट्यात डिप्लोमाला मान आहे आणि मुलगा लवकर कमावता होतो, म्हणून घरचेही राजी असतात. पण गणिताच्या दृष्टीने या वाटेवर मधे एक खड्डा आहे. बहुतेक शाखांत डिप्लोमाचं गणित पहिल्या दोन सत्रांत संपतं. पुढची चार सत्रं, म्हणजे दोन वर्षं, गणिताचा स्वतंत्र विषय नसतो. मग हा विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला येतो. पहिल्या वर्षातले गणिताचे विषय, एम-वन आणि एम-टू, त्याने केलेले नसतात आणि पहिल्याच दिवशी समोर उभं राहतं एम-थ्री: लाप्लासचं रूपांतर, फूरिए, संमिश्र चलांची फलनं. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या कितीतरी जणांची पहिली एटीकेटी याच विषयात लागते.

मुलं म्हणतात, लाप्लास डोक्यावरून जातो. मी तो प्रश्न जवळून पाहिला तर वेगळंच दिसतं. लाप्लासच्या एका नेहमीच्या उदाहरणात शेवटी असं पद उरतं: १ ÷ (क्ष² + ३क्ष + २). याचं उलट रूपांतर कोष्टकात सरळ सापडत नाही, म्हणून त्याचे तुकडे करावे लागतात. छेदाचे अवयव पाडले की (क्ष + १)(क्ष + २) मिळतात. मग

१ ÷ [(क्ष + १)(क्ष + २)] = १ ÷ (क्ष + १) − १ ÷ (क्ष + २)

क्षच्या जागी १ ठेवून पडताळा घ्या. डावीकडे एक षष्ठांश, उजवीकडे अर्ध्यातून एक तृतीयांश वजा, म्हणजे एक षष्ठांशच. आता दोन्ही तुकड्यांची रूपांतरं कोष्टकात तयार आहेत आणि गणित दोन ओळींत सुटतं. यात लाप्लास किती होता? सुरुवातीची एक ओळ आणि शेवटची एक ओळ. मधलं सगळं काम अवयवांचं आणि अपूर्णांकांच्या वजाबाकीचं, म्हणजे शाळेतलं. मुलगा अडतो तो विद्यापीठाच्या गणितावर नव्हे, दोन वर्षं हाताखालून न गेलेल्या शाळेच्या गणितावर. हे त्याला कुणी दाखवलं तर त्याची अर्धी भीती तिथल्या तिथे जाते.

म्हणूनच उजळणी कशाची करायची हे नेमकं ठरवता येतं. अपूर्णांक आणि घातांकांचे नियम, अवयव, वर्गसमीकरण, लॉगरिदम, त्रिकोणमितीतली मोजकी सूत्रं, फलन म्हणजे काय आणि त्याचा आलेख, विकलनाचे नियम, संकलनाच्या दोन-तीन रीती. एवढं हातात असेल तर अभियांत्रिकीचं पहिलं गणित, बीएस्सीचं कॅल्क्युलस, अर्थशास्त्रातलं सीमांत खर्चाचं गणित, सगळीकडे पाय टेकतो. आपले आजे-पणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी तोंडपाठ करत. अपूर्णांकांचे ते पाढे होते आणि बाजारात त्यांच्यावाचून भागत नसे. आज ते पाठ करायची गरज राहिली नाही, पण अपूर्णांक दिसला की घाबरायचं नाही ही सवय त्यांनी लावली होती आणि ती सवय अजून तितकीच लागते.

शिकवताना उदाहरणं दूरची घ्यायची गरज नाही. पेण-हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात एक प्रश्न रोजचा आहे. एक फुटाची मूर्ती आहे, तशीच्या तशी दोन फुटांची करायची, तर रंग किती लागेल आणि माती किती? पहिलं उत्तर सगळे देतात: दुप्पट. पण उंची दुप्पट झाली की रुंदी आणि जाडीही दुप्पट होते. रंग पृष्ठभागावर लागतो, म्हणून तो चौपट. मूर्ती भरीव असेल तर माती आठपट. मूर्ती पोकळ असेल आणि कवचाची जाडी तेवढीच ठेवली, तर माल सुमारे चौपट लागेल. पण मोठी मूर्ती तेवढ्या कवचावर उभी राहणार नाही, म्हणून जाडी वाढवावी लागते आणि उत्तर चार आणि आठच्या मधे कुठेतरी येतं. नेमकं कुठे, हे जाडी आणि उंचीच्या नात्यावर ठरतं आणि हे नातं मांडणं म्हणजेच फलन. कारागिराला हे अनुभवाने ठाऊक असतं. त्याच्या मुलीला ते अकरावीच्या वर्गात समीकरणाने मांडता आलं, तर फलन म्हणजे काय हे तिला पुन्हा शिकवावं लागणार नाही.

आजच्या नियमांनी काही दारं उघडली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर श्रेयांकांची बँक आली आहे, शिकलेलं एका संस्थेतून दुसरीकडे नेता येतं. ‘स्वयम्’वरचे अभ्यासक्रम विद्यापीठाने मान्य केले तर २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ शाळा सुटलेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पुन्हा आत घेत आलं आहे. या सगळ्याचा उपयोग करावा. पण पडद्यावरचा शिक्षक, तुझा हा प्रश्न वेगळा आहे, उद्या ये, असं म्हणू शकत नाही. एकट्याने व्हिडिओ पाहून गणित शिकणारे असतात, पण ते थोडे. बाकीच्यांना चूक कुठे झाली ते वहीवर बोट ठेवून दाखवणारा माणूस लागतो.

डिप्लोमाला असलेल्या मुलामुलींना माझं सांगणं एवढंच आहे की दुसऱ्या सत्राचं गणित सुटलं म्हणून पुस्तक विकू नका. पुढची दोन वर्षं आठवड्याला दोन तास त्याला द्या, शेवटच्या सुट्टीत एम-वन आणि एम-टूची पुस्तकं आणून वर दिलेला भाग सोडवा, मग एम-थ्रीला बसा. अकरावीच्या मुलांनी पहिल्या दोन महिन्यांत विषय सोडायचा निर्णय घेऊ नये. बारावीनंतर गणित पुन्हा जोडणं फार कठीण जातं आणि ते नसल्याने बंद झालेली दारं कोणती, हे तेव्हाच कळतं.

आणि पेण, रोहा, नागोठणे, अलिबाग इथल्या महाविद्यालयांना विनंती आहे. परीक्षा संपल्यापासून नवं सत्र सुरू होईपर्यंत तुमच्या वर्गखोल्या रिकाम्या असतात. त्यातला एक महिना गणिताला द्या. वीस-पंचवीस मुलं, रोज दोन तास, फी नाममात्र, बोलणं मराठीत आणि शब्द दोन्ही भाषांतले, परीक्षा नाही, हातात वही आणि फळ्याशी उठून जायची मुभा. सत्र सुरू झाल्यावर हाच वर्ग आठवड्यातून एकदा मुख्य विषयाच्या जोडीने चालू ठेवा. याला नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही. येत्या उन्हाळ्यात एखाद्या महाविद्यालयाने सुरुवात केली, तरी गागोद्याहून येणाऱ्या मुलांपर्यंत ती पोचेल.